घरी डायलिसिस करायचंय? आधी घर नीट बघा

सोलापूर जिल्ह्यात पेशंटच्या घरी जाऊन पोटाचं डायलिसिस शिकवणं हे माझं काम. "सिस्टर, पोटाचं डायलिसिस हाताने करायचं, मशीनने करायचं की रक्ताचं, यातलं घरी चांगलं कोणतं?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारते: पाणी रोज येतं का, वीज किती वेळ जाते, आणि दुपारी घरात कोण असतं?

गावाकडे बहुतेकांना मी सीएपीडी, म्हणजे हाताने करायचं पोटाचं डायलिसिस, सुचवते. पोटात बसवलेल्या नळीतून साधारण दोन लिटर औषधी पाणी सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, मग ते काढून नवीन भरायचं. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. मशीन नाही, त्यामुळे लोडशेडिंगची भीती नाही. जागेचा हिशोब मात्र आधी करा. रोज चार बॅगा म्हणजे महिन्याला १२०, वजन जवळपास अडीचशे किलो. पावसाळ्यात ओल येणारी भिंत त्यासाठी चालणार नाही.

बॅग बदलताना दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने धुऊन कोरडे केलेले. मे महिन्यात पंखा बंद करणं जिवावर येतं, तरी करायचाच. जंतू एकदा पोटात शिरले की हाल होतात. काढलेल्या पाण्याची बॅग छापील कागदावर ठेवून बघा. अक्षरं धूसर दिसली, पोट दुखलं किंवा ताप आला, तर तीच बॅग घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. बॅग गरम पाण्यात बुडवून कोमट करू नका.

एपीडीत हेच काम मशीन रात्री आठ-दहा तासांत करतं. शाळकरी मुलं आणि नोकरदार यांना दिवस मोकळा मिळतो. खर्च जास्त, वीज हवी. मशीन घेतलं तरी हाताने बॅग बदलायला शिकून ठेवाच.

घरी रक्ताचं डायलिसिस करायचं तर फिस्टुला (सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशनने जोडलेली हातातली धमनी आणि शीर), मशीन, आरओ आणि शिकलेला माणूस हवा. चार तासांत शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागतं, आरओत वाया जातं ते वेगळंच. टँकरची वाट बघणाऱ्या घराला मी हा मार्ग सांगत नाही.

मधुमेह असेल तर डॉक्टरांशी नीट बोला, कारण पोटात सोडायच्या पाण्यात ग्लुकोज असतं आणि साखर वाढते. हर्निया किंवा पोटाची मोठी ऑपरेशनं झाली असतील तर तेही सांगा. पोटाच्या डायलिसिसमध्ये पाण्याबरोबर प्रथिनं जातात, म्हणून अंडी, डाळी किती खायच्या ते आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.

घरातल्या दोघांनी तरी शिकावं. सगळा भार एकट्या सुनेवर टाकलेला मला बघवत नाही.

बॅगांचा महिन्याचा खर्च लेखी मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळेल, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नळी बसवल्यावर ती वापरायला साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, तेव्हा ही चौकशी किडनी थोडीफार चालते आहे, लघवी होते आहे, तोवरच सुरू करा.