कृपा हवी की आशीर्वाद? धर्मगुरूंना बोलावण्यापूर्वी हा फरक ओळखावा

पुण्यातील कॅथलिक घरांतून धर्मगुरूंना फोन जातो, तेव्हा मागणी बहुधा एकच असते: "फादर, येऊन आशीर्वाद देऊन जा." वडगाव शेरीतील नव्या फ्लॅटसाठी किंवा बारावीला बसलेल्या मुलासाठी ही मागणी अगदी योग्य आहे. आई अतिदक्षता विभागात असताना मात्र आशीर्वादाहून पुष्कळ मोठे दान तिला मिळू शकते, आणि ते स्पष्टपणे न मागितल्यामुळे ती त्याला मुकण्याचा संभव असतो.

कृपा म्हणजे देवाने आपल्याला विनामोल दिलेला त्याच्या स्वतःच्या जीवनातील वाटा, आणि सात संस्कार ही ती कृपा प्रत्यक्ष देणारी, ख्रिस्ताने स्थापन केलेली चिन्हे आहेत. विधी ख्रिस्तसभेच्या (म्हणजे चर्चच्या) हेतूनुसार यथायोग्य झाला, की त्यात ख्रिस्तच कार्य करतो; म्हणून ती कृपा धर्मगुरूच्या वैयक्तिक पावित्र्यावर अवलंबून राहत नाही, जरी ती किती फळ देईल हे घेणाऱ्याच्या अंतःकरणाच्या तयारीवर ठरत असले तरी. आशीर्वाद ही ख्रिस्तसभेची प्रार्थना आहे. तो संस्काराप्रमाणे कृपा देत नाही, तर ती स्वीकारण्यासाठी माणसाला तयार करतो.

तेव्हा प्रथम पाहावे, की आपण मागत आहोत ते सात संस्कारांपैकी आहे काय: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर), पापनिवेदन (धर्मगुरूंजवळ पापांची कबुली), आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, याजकदीक्षा आणि विवाह. घर, जपमाळ, गाडी, प्रवास यांसाठी असतो तो आशीर्वाद, आणि उपवासकाळाच्या आरंभी, राखेच्या बुधवारी, कपाळी लागणारी राखही त्याच वर्गातील आहे. ती लावून घेतल्याने पापनिवेदनाची गरज संपत नाही. नंतर पाहावे, की ज्याच्यासाठी मागतो त्याचा बाप्तिस्मा झाला आहे काय, कारण इतर सर्व संस्कारांचे दार बाप्तिस्मा हेच आहे. आशीर्वादाला ही अट नाही: मिस्साच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या, शेवटचा आशीर्वाद शेजारी बसलेल्या हिंदू मित्रालाही मिळतो.

आजारपणात शब्द नेमके वापरावेत, कारण येथे हवा असतो तो रुग्णाला पवित्र तेल लावून दिला जाणारा संस्कार. "आजाऱ्यांचा तैलाभ्यंग हवा आहे," असे सांगून रुग्ण शुद्धीवर आहे काय, त्याला पापनिवेदन करता येईल काय, ख्रिस्तशरीर गिळता येईल काय, हेही कळवावे. हा संस्कार केवळ मरणासन्न माणसासाठी आहे, ही समजूत मला फार घातक वाटते, कारण तिच्यामुळे कुटुंबे शेवटच्या तासापर्यंत थांबतात. गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्याने शक्ती खचल्यावरही तो घेता येतो, आणि आजार बळावल्यास पुन्हा घेता येतो. तो देण्याचा अधिकार फक्त धर्मगुरू व बिशप यांना आहे. रुग्णालयात ख्रिस्तशरीर घेऊन येणारे प्रापंचिक (धर्मगुरू नसलेले) सेवक प्रार्थना करू शकतात, तैलाभ्यंग देऊ शकत नाहीत.

विवाहात कृपा आणि आशीर्वाद एकाच विधीत शेजारी शेजारी येतात. लॅटिन परंपरेत वधू-वर स्वतःच संमती देऊन एकमेकांना हा संस्कार देतात. धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या वतीने ती संमती स्वीकारतात, आणि त्यांनी दांपत्यासाठी केलेली आशीर्वादाची प्रार्थना ही वेगळी गोष्ट असते. एका पक्षाचा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर बिशपांकडून आवश्यक सूट मिळवून केलेला विवाह वैध असतो, दांपत्यासाठी प्रार्थनाही होते, परंतु तो संस्कार ठरत नाही. पुण्यात असे विवाह पुष्कळ होतात. हे ऐकून काही कुटुंबांना अपमान वाटतो; पण येथे कोणाचे प्रेम कमी लेखलेले नसते, म्हणून ही गोष्ट हॉल ठरवण्यापूर्वी, पहिल्याच भेटीत धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोलून घ्यावी.

गुरुवार पेठेतील पंचहौद चर्चसारख्या प्रॉटेस्टंट परंपरेच्या मंडळीत ख्रिस्ताने नेमलेले संस्कार म्हणून बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच मानतात. तेथील नातेवाइकांशी बोलताना ही मांडणी जशीच्या तशी लागू करू नये.

बारावीच्या मुलासाठी मात्र धर्मगुरूंची वाट पाहण्याचे कारण नाही. आईवडिलांना आपल्या लेकरांना आशीर्वाद देता येतो: पेपरला निघताना त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करावी आणि बायबलमधील गणना ६:२४-२६ येथील आशीर्वचन मोठ्याने म्हणावे.