सापाला माइट्स झाल्यात? आंघोळ घालायच्या आधी एवढं हाताशी ठेवा

पावसाळ्यात साताऱ्यात घरातली हवा कशी होते ते सांगायला नको, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आणि नेमकी हीच ओलसर उबदार हवा सापाच्या माइट्सना, म्हणजे खवल्यांत राहून रक्त पिणाऱ्या बारीक जिवांना, मानवते. त्यामुळे बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक पाळणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे, पाण्याच्या वाटीत तळाला मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले, किंवा एरवी हाइडमधनं, म्हणजे लपायच्या खोक्यातनं, बाहेर न येणारा साप दिवसभर वाटीत वेटोळं घालून बसायला लागला, तर लगेच त्याला उचलून बाथरूमकडं पळू नका. आधी तयारी करा. सापाच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच असतात, बाकीच्या पेटीत असतात, मादी रक्त पिऊन खाली उतरते आणि फटीत, हाइडच्या खाली, झाकणाच्या खाचेत अंडी घालते. नुसता साप धुतला आणि परत त्याच पेटीत सोडला तर एका रात्रीत त्या परत चढणार. म्हणजे काम सापाचं कमी आणि पेटीचं जास्त, आणि ते महिना-दीड महिना चालणार, हे डोक्यात ठेवूनच सामान आणा.

पहिलं म्हणजे खात्री. मोबाईलचा टॉर्च आणि पांढरा टिश्यू घ्या. हनुवटीच्या खाली मधोमध जी खाच असते तिथं बघा, डोळ्याच्या कडेला बघा, बॉल पायथनच्या ओठांवरच्या खड्ड्यांत बघा, आणि शेपटीकडच्या मलद्वाराजवळ. डोळ्याभोवतीचा खवला जरा उचलल्यासारखा वाटला तर तिथं हमखास सापडते. ओला टिश्यू डोक्याकडनं शेपटीकडं हळूच फिरवा, त्यावर आलेला ठिपका चालतोय का बघा, चालत असेल तर नखानं दाबा, तांबूस रेघ उमटली की ते रक्त, शंका संपली. खवल्यांवर पांढरट भुकटी दिसली तर ती माइट्सची विष्ठा असते, ती कात सुटायची खूण समजून सोडून देऊ नका. मोठा, चपटा, जागचा न हलणारा जीव चिकटलेला असेल तर ती गोचीड, तिचं काम वेगळं, ती ओढून काढायला जाऊ नका, डॉक्टरलाच दाखवा.

त्याच दिवशी डॉक्टरला फोन. सातारा-सांगलीत गाई-म्हशींचे डॉक्टर पायलीला पन्नास मिळतील, सापाला हात लावणारा मिळायला वेळ लागतो, म्हणून हे काम शनिवारवर ढकलू नका. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं आधी फोन करून विचारा, नाहीतर पुण्यातला एक्झॉटिक, म्हणजे साप-कासवासारखे वेगळे पाळीव प्राणी, बघणारा डॉक्टर गाठा. फोन करताना सापाचं वजन ग्रॅममध्ये तयार ठेवा, किचनच्या डिजिटल काट्यावर डब्यासकट करा आणि डबा वजा करा, कारण औषधाचा सगळा हिशोब वजनावर चालतो. शेवटचं खाणं कधी झालं, कात कधी टाकली, हेही लिहून ठेवा. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीतला आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, तो कागद फाईलमध्ये असू द्या. आणि धामण, नाग, दिवड असले आपल्याकडचे साप घरात ठेवताच येत नाहीत, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, असा एखादा साप सापडला आणि त्याच्या अंगावर काही दिसलं तर घरी उपचार करत बसू नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा.

आता खरेदी. मोती चौकाकडं कुठल्याही प्लॅस्टिकवाल्याकडं झाकणाचे दोन पारदर्शक डबे घ्या, एक आंघोळीला, एक उपचार संपेपर्यंत राहायला, साप आत वळून ऐसपैस बसेल एवढे, आणि झाकण घट्ट लागतंय ना ते दुकानातच बघून घ्या. भोकं तापलेल्या खिळ्यानं किंवा सोल्डरिंग आयर्ननं पाडा, आतल्या बाजूच्या धारदार कडा घासून काढा नाहीतर खवले सोलतात. पांढऱ्या टिश्यूचे रोल भरपूर घ्या, तळाला कोकोपीट, भुसा काहीही नको, फक्त पांढरा कागद, त्यावर काळा ठिपका लगेच दिसतो. हाइडसाठी पुठ्ठ्याची खोकी, बुटाची, औषधाची, जी असतील ती, दर वेळी फेकून द्यायची आणि नवीन ठेवायची. इअरबड्स, दोन-तीन जुने सुती टॉवेल, हातमोजे, काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, भांड्याचा साबण, घासायचा ब्रश, ब्लीच, डिजिटल थर्मामीटर आणि आर्द्रता दाखवणारा मीटर. डबल साइड टेप पण आणा, स्टँडच्या चारी पायांना गुंडाळायला, माइट्स चालत शेजारच्या पेटीकडं जातात त्या तिथं अडकतात. पावसात लाईट जाते तेव्हा हीट मॅट बंद पडते, म्हणून गरम पाण्याची पिशवी किंवा टॉवेलात गुंडाळलेली बाटली ठेवा, उपचार चालू असलेला साप गारठला की अजून आजारी पडतो.

आता औषध, इथं जरा थांबून वाचा. कृषी सेवा केंद्रातनं गुरांचं गोचिडाचं औषध आणून 'थोडं पातळ करून' सापाला लावणारे लोक आहेत, तसं अजिबात करू नका, ते गुरांसाठी बनवलेलं कडक औषध असतं आणि साप काही शे ग्रॅमचा. झुरळाचा स्प्रे नको, डांबरगोळी नको, रॉकेल नको, फिनेल नको, डेटॉलसुद्धा नको, फिनॉलच्या जातीची रसायनं सरपटणाऱ्या प्राण्यांना सोसत नाहीत. फिप्रोनिलचा कुत्र्यांसाठी मिळणारा ०.२५ टक्क्याचा स्प्रे बरेच डॉक्टर वापरतात, पण तो थेट सापावर मारायचा नसतो, कपड्यावर घेऊन तो कपडा अंगावरनं फिरवायचा, डोळे आणि तोंड सोडून, आणि तोही डॉक्टरनं हो म्हटल्यावरच. पिल्लू असेल, अशक्त असेल किंवा कात टाकायला आला असेल तर डॉक्टर वेगळं काहीतरी सांगेल. औषध लावल्यावर पूर्ण वाळू द्या आणि पाण्याची वाटी २४ तास ठेवू नका, नाहीतर औषध पाण्यात उतरतं आणि साप तेच पितो. आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारायचं औषध डॉक्टरच्याच हातचं, आणि घरात कासव असेल तर ते औषध कासवाच्या जवळपाससुद्धा नको, कासवाच्या जिवावर बेततं.

आंघोळीच्या दिवशी घरात दोघं लागतात, हे आधीच ठरवा. एकानं डब्याशी बसायचं, दुसऱ्यानं पेटी. सापाला एकट्याला पाण्यात सोडून पेटी धुवायला जाणं म्हणजे बुडायचा धोका. खाणं होऊन निदान दोन दिवस झालेले असू द्या, पोट भरलेला साप हाताळला की उलटी करतो. पाणी २८ ते ३० अंश, हाताचा अंदाज नको, थर्मामीटर बुडवा, आणि उंची सापाच्या अंगाच्या निम्म्यापर्यंत, डोकं आरामात वर राहिलं पाहिजे. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरे. पाण्यात माइट्स बुडतात, पण ज्या शहाण्या असतात त्या वर सरकत डोक्यावर जमतात, तेव्हा ओला इअरबड घेऊन डोळ्याभोवती आणि हनुवटीच्या खाचेत अगदी हलक्या हातानं फिरवा, डोळ्यावर दाब देऊ नका.

तोपर्यंत दुसऱ्यानं पेटीतला सगळा माल, कोकोपीट, झाडाची साल, लाकडी फांदी, पिशवीत भरून गाठ मारून घराबाहेर काढायचा. लाकूड वाचवायचा मोह होतो, पण त्याच्या भेगांतच अंडी असतात, टाकून द्या. पेटी कडकडीत गरम साबणाच्या पाण्यानं घासा, सरकत्या काचेची पट्टी, कोपरे, झाकणाची खाच, स्क्रूच्या जागा, हे सगळं ब्रशनं. मग १ भाग ब्लीच आणि १० भाग पाणी, थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्यानं धुवा, ब्लीचचा वास अजिबात राहता कामा नये. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर मिसळू नका, विषारी वायू होतो. ऊन नसेल तर पंख्याखाली पूर्ण कोरडी करा. लाकडी पेटी असेल तर फटी सिलिकॉननं भरून घ्या, नाहीतर आठवड्यात परत तेच. पेटीभोवतीची फरशी, स्टँडची मागची बाजू, भिंतीचा कोपरा व्हॅक्यूम किंवा ओल्या फडक्यानं, आणि ते फडकं धुवायला ठेवायचं नाही, टाकायचं.

आता कॅलेंडर. उबेत अंडी दोन-चार दिवसांत फुटतात आणि पूर्ण चक्कर दोन-तीन आठवड्यांत होते, उपाशी माइट तर कित्येक दिवस जिवंत राहते, त्यामुळे रिकामी पेटी महिनाभर तशीच ठेवली म्हणजे मोकळी झाली असं समजू नका. पहिले दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी कागद, खोकं बदलायचं आणि डबा गरम पाण्यानं धुवायचा, मग आठवड्यातनं एकदा, असं निदान दीड महिना. औषध परत कधी लावायचं ते डॉक्टर सांगेल त्या तारखेला, स्वतःच्या मनानं लवकर नाही. शेवटची माइट दिसल्यावरही दोन आठवडे सोडू नका. कात टाकली की ती लगेच उचलून बाहेर, कातेत माइट्स जातात. या दिवसांत खाणं नाकारलं तर घाबरू नका, पण आठवड्यातनं एकदा वजन बघा, सतत उतरत असेल किंवा तोंडाच्या आतला रंग फिका दिसत असेल तर डॉक्टरकडं, रक्त कमी झालेलं असू शकतं.

घरात दुसरे साप असतील तर आजारी सापाचं काम सगळ्यात शेवटी, मग हातपाय धुऊन कपडे बदलायचे, चिमटा, हुक, वाट्या वेगळ्या. सर्पमित्र मित्र भेटायला येत असेल तर त्याला दारातच सांगा, दिवसभर साप पकडून आलेल्या शर्टानं पेटीजवळ नको. नागपंचमीला शेजारच्या काकी हळदकुंकू घेऊन आल्या तर त्यांना प्रेमानं समजावा, आजारी साप बाहेर काढायचा नाही, दूध-हळद तर नाहीच नाही. तुमच्या मनगटावर, पोटावर बारीक खाजरे लाल ठिपके आले तर त्या माइट्स चावल्या असू शकतात, कपडे गरम पाण्यात टाका.

आणि पुढचा साप आणायचा विचार असेल तर त्याचा डबा आत्ताच वेगळ्या खोलीत मांडून ठेवा, तळाला पांढरा कागद, पुठ्ठ्याचं हाइड, वाटी, बाकी काही नाही, आणि ६० ते ९० दिवस तो तिथंच राहील.