रॉयल सोसायटीचं दप्तर उघडण्याआधी

लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे जुने कागद पाहायचे असतील तर निम्मी तयारी घरी बसूनच होते. आधी प्रश्न पक्का करा. संस्था १६६० ची, म्हणजे कागद भरपूर. ‘न्यूटनबद्दल काहीतरी’ एवढंच घेऊन गेलात तर दिवस सूची चाळण्यातच जाईल.

मग कुठे शोधायचं ते ठरवा. बैठकीत काय झालं ते जर्नल बुकात, आलेल्या-गेलेल्या पत्रांच्या नकला लेटर बुकात. नक्कल करणाराही माणूसच, तेव्हा मूळ पत्र शिल्लक असेल तर तेही मागवा. फेलो, म्हणजे संस्थेचा निवडून आलेला सदस्य, म्हणून कोणाचं नाव कोणी सुचवलं, हे निवडीच्या प्रमाणपत्रांवरच्या सह्या सांगतात. १८४१ साली निवडून आलेले पहिले भारतीय फेलो, मुंबईचे जहाजबांधणीकार अर्देशीर कर्सेटजी यांचा माग काढायचा तर सुरुवात तिथूनच. छापायला आलेल्या निबंधांवरचे परीक्षकांचे लेखी अभिप्राय १८३२ पासूनचे. माझ्या मते खरी गंमत त्यांतच आहे, कारण छापील अंकात न दिसणारी कुरकुर तिथे सापडते.

तारखांचा घोळ आधीच समजून घ्या. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन दिनदर्शिका चाले, तिची तारीख आजच्या दिनदर्शिकेच्या मागे असे, आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे न्यूटनचा मृत्यू तिथल्या हिशेबाने २० मार्च १७२६, आणि आजच्या हिशेबाने ३१ मार्च १७२७! सतराव्या शतकात हॉलंडची तारीख लंडनच्या दहा दिवस पुढे होती. टिपणात दोन्ही तारखा लिहा.

सूक्ष्मदर्शकातून निरीक्षणं करून ती सोसायटीला कळवणारा हॉलंडचा लेव्हेनहूक डच भाषेत लिहायचा. सूक्ष्मजीवांवरचं त्याचं १६७६ चं पत्र सचिव ओल्डेनबर्गने भाषांतर करून, काटछाट करून १६७७ मध्ये छापलं. म्हणून छापील मजकूर आधी वाचा, पण मग मूळ कागदही पाहा. स्कॅन मिळत असतील तर तेही आधीच पाहून घ्या, पण त्यांवर सगळं सोडू नका. १६७४ च्या पत्रासोबत लेव्हेनहूकने धाडलेल्या पुड्यांमधले बुचाचे पातळ काप १९८१ साली संशोधक ब्रायन फोर्ड यांच्या हाती लागले, ते मूळ कागद उघडले म्हणूनच.

बाकी किरकोळ: वेळ आधी ठरवून घ्या, ओळखपत्र ठेवा, पेन नको, पेन्सिल घ्या. हात धुऊन कोरडे करा. साध्या कागदाला हातमोजे सहसा लागत नाहीत, उलट त्यांनी पान फाटायची भीती. आणि फोटो काढायची परवानगी मिळाली तर प्रत्येक फोटोत संदर्भ क्रमांकाची चिठ्ठी ठेवा.