फिजिओथेरपीला जायचं म्हणताय?

बारावी झाली, एमबीबीएसला नंबर काही लागत नाही, मग 'फिजिओ बघू' म्हणत पोरं माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकवर येतात. सोबत वडील असतात. फी विचारतात, पगार विचारतात. मी सांगते, आधी चार दिवस इथं कोपऱ्यात बसून नुसतं बघ.

निपाणीकडची विड्या वळणारी मावशी येते, मान-खांदे आखडलेले. भातलावणी उरकून खानापूरकडची आजी कंबर धरून येते. शुगरवाल्या काकांचा हात खांद्याच्या वर जात नाही. मधुमेहात खांदा असा जखडतो, नेहमीचंच आहे. सगळ्यांना मशीनचा शेक हवा असतो. आपलं खरं काम म्हणजे त्यांच्याकडून घरी रोज व्यायाम करवून घेणं. लकवा झालेल्याचं बोट हलायला कधी कधी महिने जातात. तोवर तोच व्यायाम, तीच समजूत. याचा कंटाळा येणार असेल तर मार्क कितीही असोत, या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अभ्यासही हलका नाही. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, त्याला कुठली नस चालवते, हे पहिल्याच वर्षी तोंडपाठ लागतं. आमच्या वेळी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, साडेचार वर्षांचं होतं, त्यात सहा महिने इंटर्नशिप. २०२५च्या नव्या अभ्यासक्रमात ५ वर्षं आहेत, त्यात वर्षभराची इंटर्नशिप. प्रवेशाचे नियमही बदलताहेत, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या पोराचं ऐकू नका. बेळगावात केएलईचं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं आहे, त्यांचे नियम वेगळे बघा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त ८६५ गावांतले असाल तर महाराष्ट्राच्या पुस्तिकेत सीमाभागासाठी काय लिहिलंय तेही तपासा.

मराठी शाळेतून आलेल्यांनी कन्नड मात्र मनावर घ्यावं. राजकारण बाजूला ठेवा. गोकाक-बैलहोंगलच्या पेशंटला 'उसिर तगोरि, बिडरि' म्हटल्याशिवाय तो श्वास घेणार-सोडणार कसा?

खासगी दवाखान्यात सुरुवातीचा पगार बेताचाच. तरी लगेच क्लिनिक टाकू नका. मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूतल्या पेशंटची छाती मोकळी करणं, गुडघा बदललेल्याला उभं करून चालवणं, हे हाताखालून गेलेलं बरं. संध्याकाळी पेशंटच्या घरी जाऊन उपचार केले तर वरखर्च सुटतो. त्यासाठी दुचाकी लागतेच, आणि पावसाळ्यात चांगला रेनकोट.