हेडाचं टेबलक्लॉथ पांढरं नाही: डच ताटवाट्या रंगवताना या चुका टाळा

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी जुन्या डच चित्राची स्वतः केलेली नक्कल फोनवर दाखवून विचारतं, ‘सगळं जसंच्या तसं काढलंय, पण डच वाटत नाही. काय चुकलं?’ फोटो न बघताच मी उत्तर देतो, पांढरा रंग. दहातल्या आठ वेळा ते बरोबर निघतं.

विलेम क्लास हेडा आणि पीटर क्लास हे दोघे नेदरलँड्समधल्या हार्लेमचे चित्रकार. 1620 ते 1640 च्या दरम्यान त्यांनी रंगवलेली न्याहारीची टेबलं म्हणजे राखाडी रंगाचा खेळ आहे. हेडाचं 1635 चं सोनेरी पेल्याचं चित्र घ्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, 88 × 113 सेंटिमीटर. त्यातलं चुरगळलेलं टेबलक्लॉथ बघून प्रत्येक नवशिक्या टायटॅनियम व्हाइटची ट्यूब पिळतो. कपडा पांढरा असतो हे त्याला ठाऊक असतं ना! मग काचेवरची चमक दाखवायला त्याच्याकडे काही उरतच नाही, कारण पांढऱ्याहून पांढरं ट्यूबमध्ये मिळत नाही.

माझी सवय अशी. छापील प्रिंटवर एक कोरा कागद ठेवायचा, त्याला पेनाच्या टोकाएवढं भोक पाडायचं आणि कपड्याचा तेवढाच तुकडा बघायचा. तो ओल्या सिमेंटसारखा दिसतो. मी आयव्हरी ब्लॅक (काळा), रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि व्हाइट मिसळून तीन राखाडी छटा आधीच करून ठेवतो, गडद, मध्यम आणि फिकी. कपडा, भिंत, ताटल्या, सगळं त्यातूनच निघतं. कोरा पांढरा शेवटच्या दिवशी, मोजून डझनभर ठिपक्यांपुरता. ‘इतकं कंटाळवाणं कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी सूर्यफुलं रंगवावीत.

ताटल्यांचंही तसंच. त्या प्यूटरच्या आहेत, म्हणजे मुख्यतः कथलाच्या. घरातल्या स्टीलच्या ताटासारखं लखलखीत प्रतिबिंब त्यात नको. लिंबाची पिवळी छाया पडते, पण ती पुसट, कडा विरघळलेली. ओल्या रंगावरून कोरडा मऊ ब्रश एकदाच फिरवा. दोनदा फिरवलात तर चिखल होतो.

लंबवर्तुळांना टोकं नसतात. ताटली बदामाच्या आकाराची दिसत असेल तर पुसा आणि परत काढा.

रोमर, म्हणजे तो जाड बुंध्याचा हिरवट काचेचा पेला, सगळ्यांना आधी रंगवायचा असतो. तो शेवटी रंगवायचा. काच रंगवता येत नाही, तिच्यामागची भिंत रंगवता येते. भिंत पेल्यातून तशीच पुढे जाऊ द्या, वाइनच्या जागी थोडी गडद आणि हिरवट करा. उजेड डावीकडून येत असेल तर डाव्या खांद्यावर खिडकीची चमक येईल. पण वाइनमधून आरपार गेलेला उजेड उजवीकडे आतून मंद उजळतो, ते निम्मे लोक विसरतात. पेला चपटा दिसतो तो त्यामुळे.

आता ज्या चुकीने मला स्वतःला रडवलं, ती. व्हर्निशची घाई.

काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी पीटर क्लासच्या 1627 च्या ‘टर्की पाय’ (मांस भरून भाजलेली पेस्ट्री) या चित्राची नक्कल मागितली. पिसांसकट सजवलेली टर्की, ऑयस्टर, लिंबू, आणि माझी आवडती गोष्ट म्हणजे पंचांगाच्या पानाची पुडी करून त्यात भरलेली मिरी. (आपल्याकडच्या वाण्याच्या पुडीशी इतकं साम्य आहे की मी तेवढाच कोपरा दोनदा रंगवला होता.) वास्तुशांत पाच आठवड्यांवर आली होती. बोटाला रंग लागत नाही म्हणजे वाळला, असं मनाशी म्हणत मी चकचकीत व्हर्निश मारलं, वरून बबल रॅप गुंडाळलं आणि ऐन मे महिन्यात चित्र गाडीतून नाशिकला पाठवलं. संध्याकाळी फोन आला, ‘पावावर हे गोल गोल काय आहे?’ बबल रॅपचा एकेक फुगा कपड्यावर, पावावर, भिंतीवर छापला गेला होता. दोन महिने खरवडणं आणि पुन्हा रंगवणं चाललं. निम्मे पैसे परत केले. वास्तुशांतीला त्या भिंतीवर कॅलेंडर होतं.

तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि वरची साय धरली तरी खाली ते मऊच असतं. अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक रेंगाळतो. म्हणून काळ्या जाड थरावर अंबरचा पातळ थर दिलात तर वरचा आधी ताठ होतो आणि तडकतो. खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत तेल जास्त, हा क्रम मोडू नका. शेवटच्या व्हर्निशला मी किमान सहा महिने थांबतो, जाड रंग असेल तर वर्ष. गिऱ्हाईक थांबत नसेल तर चित्र व्हर्निशशिवाय देतो आणि नंतर घरी जाऊन मारून येतो. हेअर ड्रायरची युक्ती सुचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, चहा देऊन निरोप देतो.

मूळ चित्रावरच्या जुन्या व्हर्निशचा पिवळेपणाही नकलेत आणू नका. धुरकट फोटो बघून अख्ख्या चित्रावर तपकिरी ग्लेझ (पातळ पारदर्शक थर) फासणारे लोक आहेत. त्या काळच्या काही चित्रांत पानं निळी दिसतात, कारण वरचा पिवळा वनस्पतिजन्य रंग उडून गेला आणि खालचा निळा उरला. मी ती हिरवी करतो. काहींना ते पाप वाटतं.

आकार फुगवू नका. डच चित्रकार व्हर्मीरचं ‘दूध ओतणारी बाई’ हे चित्र मुळात 45.5 × 41 सेंटिमीटरचं आहे. सोफ्यामागे ते चार फूट रुंद हवं म्हणणाऱ्यांना मी पडदा घ्यायला सांगतो.

आणि बारकावे ‘डाग’ समजून उडवू नका. अँटवर्पच्या क्लारा पीटर्सचं हेगच्या मॉरित्सहाउसमधलं चीज, बदाम आणि प्रेट्झेलचं चित्र बघा. सुरईच्या झाकणावर तिचा स्वतःचा चिमुकला चेहरा आहे. माझ्याकडे आलेल्या तीन नकलांत तिथे पांढरा ठिपका होता. सुरीच्या मुठीवर तिचं नाव आहे, तो चित्राचाच भाग, ते राहू द्या. पण कॅनव्हासच्या मागे आपलं नाव, साल आणि ‘नक्कल’ हा शब्द ठळक लिहा. पेन्सिलने नको, पुसली जाते.