ल्युपसची शंका आल्यावर तपासणीचे अहवाल कसे वाचावेत

रोगप्रतिकारशक्ती एरवी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ल्युपसमध्ये मात्र ती स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील डीएनए आणि प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि त्यांचे पुंजके त्वचा, सांधे, मूत्रपिंडे अशा ठिकाणी साचून तेथे दाह होतो. हा आजार संसर्गाने पसरत नाही. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतांशी तरुण वयातील.

सर्वाधिक घबराट ‘एएनए पॉझिटिव्ह’ या दोन शब्दांनी होते, आणि ती बऱ्याचदा अनाठायी असते. एएनए म्हणजे केंद्रकाविरुद्धची अशी प्रतिपिंडे रक्तात शोधणारी चाचणी. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती पॉझिटिव्ह येते हे खरे. पण ती अनेक निरोगी व्यक्तींत आणि थायरॉइडच्या काही आजारांतही तशी येते. २०१९ मध्ये युरोप व अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरण-निकषांत १:८० (रक्तद्रव ८० पट पातळ केल्यावरही प्रतिपिंडे दिसणे) किंवा त्याहून अधिक एएनए ही केवळ प्रवेशाची अट आहे. पुढे लक्षणे आणि इतर चाचण्या यांना गुण देऊन किमान १० गुण भरावे लागतात, आणि त्यांत प्रत्यक्ष लक्षणांपैकी एक तरी असावेच लागते. म्हणून अहवालासोबत सांधेदुखी, उन्हाने उठणारे चट्टे, तोंडातील व्रण, लांबलेला ताप यांची तारीखवार नोंद संधिवाततज्ज्ञांना दाखवावी. डबल-स्ट्रँडेड (दुपदरी) डीएनए आणि स्मिथ (केंद्रकातील एक प्रथिन) यांविरुद्धची प्रतिपिंडे निदानाला अधिक नेमका आधार देतात, तर सी३ व सी४ ही रक्तातील रोगप्रतिकाराची प्रथिने घटल्यास आजार सक्रिय असल्याची शंका येते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित राहते ती लघवीची साधी तपासणी. मूत्रपिंडाचा दाह सुरुवातीला दुखत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागलेली रुग्णाला कळतही नाहीत. त्यामुळे बरे वाटत असतानाही डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने लघवी, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) आणि रक्तदाब तपासावा. पायांवर सूज किंवा लघवीला सतत फेस आल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

ल्युपससाठी दिले जाणारे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मुळात हिवतापाचे औषध म्हणून काही जण परस्पर बंद करतात. प्रत्यक्षात आजाराचा पुन्हा उद्रेक होण्याचे प्रमाण त्याने कमी होते. त्याची मात्रा सहसा वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी उपचाराच्या आरंभी आणि साधारण पाच वर्षांनंतर दरवर्षी करावी. स्टेरॉइड मात्र कधीही एकाएकी थांबवू नये, आणि गर्भधारणेचा विचार असल्यास आजार किमान सहा महिने शांत असल्याची खात्री डॉक्टरांकडून आधी करून घ्यावी.