बातमी एकांगी वाटते? आधी वही काढा

माझा थोरला भाऊ आणि मी एकाच सार्वजनिक प्रसारकाचं रात्रीचं बातमीपत्र वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. दादाचं ठाम मत, की हवामानबदलाच्या नावाखाली हे लोक नुसती भीती घालतात आणि दुसरी बाजू दाबतात. माझं मत तितकंच ठाम, की सरकारला झोंबेल असा एक प्रश्नही हे विचारत नाहीत. एका रात्री वणव्यांवरची बातमी संपली आणि तो म्हणाला, "बघ, पुन्हा प्रचार." त्याच क्षणी माझ्या तोंडून निघालं, "बघ, मंत्र्याला कसं सोडून दिलं." बातमी एकच होती.

शब्दांकन हा माझा पेशा. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, हे मी वीस वर्षं करते आहे. त्या भांडणानंतर मी घरच्या बातमीपत्राचंही तेच करायला घेतलं. त्यातून जी पद्धत बसली, ती इथे सांगते. सार्वजनिक प्रसारक लोकांच्या पैशावर चालतो, म्हणून त्याला जाब विचारायचा हक्क आपल्याला आहेच. पण जाब विचारायचा तर हातात पुरावा हवा.

वहीच्या पहिल्या पानावर स्वतःची मतं लिहा. कोणत्या पक्षाकडे कल आहे, कोणत्या विषयावर रक्त तापतं, सगळं. हे सोडून पुढे जाऊ नका. १९८५ साली स्टॅनफर्डमधल्या व्हॅलोन, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गटांनी सांगितलं, की बातम्या आपल्याच विरोधात झुकलेल्या आहेत. आमच्या घरात वणव्यांच्या रात्री नेमकं हेच घडलं होतं. आपल्याला टोचलं म्हणून बातमी वाकडी ठरत नाही, आणि टोचलं नाही म्हणून सरळही ठरत नाही.

आता नोंद. एक कार्यक्रम ठरवा आणि किमान दोन आठवडे तोच ऐका. एका रात्रीच्या बातमीवरून काहीही सिद्ध होत नाही. प्रत्येक बातमीसाठी लिहा: तारीख, वेळ, कोण बोललं, किती सेकंद, शेवटचा शब्द कोणाचा. वणव्यांची ती बातमी मी नंतर पुन्हा लावून मोजली. एकूण २०० सेकंद. मंत्री ४८, शास्त्रज्ञ ३५, अग्निशमन अधिकारी २२, विरोधी पक्षाचा नेता ९, बाकी सगळा वार्ताहराचा आवाज. मंत्र्याला दोनदा बोलू दिलं होतं आणि शेवटचा बाइटही, म्हणजे ऐकवलेला बोलण्याचा तुकडाही, त्याचाच होता.

सेकंद मोजणं हा काही माझा खुळा नाद नाही. फ्रान्समध्ये आर्कोम ही नियामक संस्था रेडिओ-टीव्हीवर राजकारण्यांना मिळालेला वेळ मोजते. तिथल्या नियमाप्रमाणे एक तृतीयांश वेळ राष्ट्राध्यक्ष आणि सरकारसाठी, उरलेला बाकीच्या राजकीय प्रवाहांना त्यांच्या ताकदीच्या प्रमाणात. पण घड्याळावर विसंबून राहू नका. ४८ सेकंदांत एखाद्याला सोलून काढता येतं आणि ओवाळताही येतं.

म्हणून क्रियापदं तपासा. माझ्या मते हा सगळ्यात उपयोगी भाग आहे. कोण 'सांगतो', कोण 'स्पष्ट करतो', कोण 'दावा करतो', कोण 'आरोप करतो', कोण 'कबूल करतो'? मंत्र्यांनी 'स्पष्ट केलं' म्हटलं की ऐकणारा ते खरं धरून पुढे जातो. विरोधकांनी 'आरोप केला' म्हटलं की तेच वाक्य संशयास्पद होतं. मग नावांची अदलाबदल करा. "विरोधी नेत्यांनी स्पष्ट केलं, तर मंत्र्यांनी आरोप केला" असं वाचून बघा. कानाला खटकलं तर क्रियापदात कल आहे. वणव्यांच्या बातमीत मंत्र्याला दोन्ही वेळा 'स्पष्ट केलं' होतं. दादानं ते वाचलं आणि बराच वेळ गप्प बसला.

हवामानाच्या बातमीला वेगळा नियम लावावा लागतो, आणि बहुतेक लोक इथेच घसरतात. बातमीतलं प्रत्येक वाक्य दोन रकान्यांपैकी एकात घाला. पहिला रकाना मोजता येणाऱ्या गोष्टींचा: तापमान वाढलं का, कशामुळे, किती. दुसरा, काय करावं याचा: कार्बन कर, अणुऊर्जा, खर्च कोणी सोसायचा. पहिल्या रकान्यात दोन्ही बाजूंना सारखा वेळ देणं हाच पक्षपात ठरू शकतो. दुसऱ्यात मात्र वेगवेगळी मतं ऐकू यायलाच हवीत.

बीबीसी हे पहिल्या रकान्यात चुकत-चुकत शिकली. २०११ मध्ये तेव्हा बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टसाठी स्टीव्ह जोन्स या जनुकशास्त्रज्ञानं विज्ञानवार्तांकनाचा आढावा घेतला. दर्जाचं त्यांनी कौतुक केलं, पण किरकोळ मतांना नको इतकं महत्त्व दिलं जातं, असं सुनावलंही. तरी ऑगस्ट २०१७ मध्ये रेडिओ ४ च्या टुडे कार्यक्रमात ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन म्हणाले, की गेल्या दहा वर्षांत जगाचं सरासरी तापमान किंचित घटलं आहे. हे चूक होतं आणि मुलाखतकारानं त्यांना पुरेसं अडवलं नाही. बीबीसीनं आधी बचाव केला, मग चूक मान्य केली. एप्रिल २०१८ मध्ये ऑफकॉम या ब्रिटनमधल्या प्रसारण नियामकानं नियमभंगाचा निकाल दिला. त्याच वर्षी बीबीसीच्या वृत्तविभागाच्या प्रमुख फ्रॅन अन्सवर्थ यांनी पत्रकारांना कळवलं, की चर्चेचा समतोल साधायला हवामानबदल नाकारणारा माणूस आणून बसवायची गरज नाही.

हे वाचून माझ्या बाजूचे लोक खूश होतात. त्यांनी पुढचंही वाचावं. २०२१ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात दोन विधानं झाली: हवामानाच्या आपत्तींमुळे जगभरात मृत्यू वाढत आहेत, आणि हवामानबदलामुळे येणाऱ्या जगातल्या पहिल्या भीषण उपासमारीच्या उंबरठ्यावर मादागास्कर उभं आहे. दोन्हींवर तक्रार झाली आणि बीबीसीच्याच तक्रार विभागानं ती ग्राह्य धरली. जागतिक हवामान संघटनेच्या आकड्यांप्रमाणे १९७० ते २०१९ या काळात आपत्तींची नोंद पाचपट झाली, पण मृत्यू जवळजवळ तिपटीनं घटले. दादा हेच म्हणत होता, की भीती घालण्यासाठी माहिती ताणतात. या बाबतीत तो बरोबर होता आणि मी ते वहीत त्याच्या नावासकट लिहिलं.

आकडा आला की तो कशाचा आहे, हेही बघा. '९७ टक्के' हा आकडा वारंवार कानावर पडतो. त्यासाठी २०१३ मध्ये जॉन कुक आणि सहकाऱ्यांनी सुमारे १२ हजार शोधनिबंधांचे सारांश तपासले. तापमानवाढीच्या कारणाबद्दल ज्यांत काही भूमिका होती, त्यांपैकी ९७ टक्के सारांशांनी माणसाला कारणीभूत धरलं होतं. सुमारे दोन तृतीयांश सारांशांत भूमिकाच नव्हती. त्यानं निष्कर्ष ढासळत नाही. पण '९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात' हे वाक्य सैल आहे, आणि सैल वाक्यांवरच दादासारखी माणसं चिडतात.

राजकीय भाषणाचा तुकडा ऐकवला, की मूळ भाषण शोधून ऐका. दरवेळी जमणार नाही, आठवड्यातून एकदा तरी करा. २०२४ मध्ये पॅनोरमानंच डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातली, पन्नासहून अधिक मिनिटांच्या अंतरानं बोललेली वाक्यं सलग जोडून दाखवली. ते प्रकरण २०२५ च्या नोव्हेंबरात उघड झालं आणि बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तप्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. मूळ भाषण सगळ्यांना उपलब्ध होतं. कोणीही शेजारी-शेजारी लावून बघू शकलं असतं.

प्रसारकाचा मालक कोण, प्रमुख कोण नेमतं, पैसा कोण ठरवतं, हेही एका पानावर लिहून ठेवा. बीबीसीच्या मंडळाचा अध्यक्ष सरकारच्या शिफारशीवरून नेमला जातो आणि प्रेक्षकांनी भरायच्या लायसन्स फीची रक्कमही सरकारच ठरवतं. यावरून एखादी बातमी खोटी ठरत नाही, पण कोणता प्रश्न विचारायचा राहून जातो ते शोधायला मदत होते.

शेवटी तक्रार. माझी पहिली तक्रार दोन पानी होती: तुम्ही नेहमीच सरकारधार्जिणे आहात, तुम्हाला लाज वाटायला हवी, वगैरे. त्या प्रसारकाकडून चार ओळींचं ठोकळेबाज उत्तर आलं. मला राग आला, अजूनही येतो, कारण मुद्दा खरा होता. पण तपासता येईल असं एकही वाक्य मी दिलं नव्हतं. आता मी एका तक्रारीत एकच वाक्य घेते. तारीख, वेळ, कार्यक्रम, जसंच्या तसं वाक्य, प्रसारकाच्या कोणत्या नियमाशी ते विसंगत आहे, आणि मला काय हवं: दुरुस्ती, खुलासा की उत्तर. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द खोडून टाकते. मुदत आधी बघा. बीबीसीकडे प्रसारणापासून ३० कामकाजाच्या दिवसांत तक्रार करावी लागते. उत्तर पटलं नाही तर पुन्हा लिहायचं, मग त्यांच्या वरिष्ठ तक्रार विभागाकडे, आणि त्यानंतर ऑफकॉमकडे. आधीची पायरी गाळली तर ऑफकॉम परत पाठवतं.

दादाही आता वही ठेवतो. गेल्या महिन्यात आम्ही वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा एका वाक्याखाली दोघांचीही रेघ होती. मंत्र्याचा बाइट संपल्यावर निवेदिका स्वतःच्या आवाजात म्हणाली होती, "हवामान वाचवायचं तर या कराला पर्याय नाही." त्यानं समासात लिहिलं होतं, 'धोरण विज्ञान म्हणून खपवलं.' मी लिहिलं होतं, 'मंत्र्याचं वाक्य निवेदिकेच्या तोंडी.' त्या वाक्याची तक्रार आम्ही दोघांच्या सहीनं पाठवली आहे.